उलटी सळी

१

शुक्रवारी सकाळी दहा वाजता, चौदा माणसांच्या देखत, हरकतींची पेटी उघडली तेव्हा आत एकच कागद होता.

हवे होते सदुसष्ट. ही मोजणी कुणा ऐऱ्यागैऱ्याची नव्हती, मोठ्या काकूंची होती. पेटी महिनाभर त्यांच्याच व्हरांड्यात, त्यांच्याच खुर्चीशेजारी होती. कुणी येऊन झाकणाच्या फटीतून कागद टाकला की काकू उठायच्या आणि दाराच्या चौकटीवर खडूने एक रेघ ओढायच्या. अक्षरांशी त्यांचं कधी जमलं नव्हतं. दुसरीत शाळा सुटली ती सुटलीच. पण रेघ मारायला शाळा लागत नाही, आणि काकूंची रेघ चुकली असं म्हणायची आसपासच्या तिन्ही गल्ल्यांत कुणाची छाती नव्हती.

भांडण होतं पंपघराचं. काकूंच्या भिंतीला लागून मोकळी जागा होती. तिथे पालिकेला सगळ्या वस्तीचं मैलापाणी उपसणारं पंपघर बांधायचं होतं. कुणाची हरकत असेल त्याने महिनाभरात लेखी द्यावी, असा कागद खांबावर लागला. काकूंनी तो वाचला नाही, वाचवून घेतला, आणि त्याच दिवशी माळ्यावरची आपली लग्नातली हिरवी पत्र्याची पेटी खाली उतरवली. झाकणाला फट पाडून घेतली. पालिकेच्या इंजिनीयर बाईंनी पुढून नवं कुलूप घातलं, त्यावर सहीशिक्क्याची कागदी पट्टी चिकटवली आणि किल्ली स्वतःकडे ठेवली.

आज त्याच बाईंनी पट्टी तपासली. अखंड. कुलूप तपासलं. जसंच्या तसं. किल्ली फिरवली, झाकण उचललं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की काकू खुर्चीतून उठून पुढे आल्या.

हिरव्या पत्र्याच्या तळाशी वहीचं एक चुरगळलेलं पान पडलं होतं.

"वाचा की," काकू म्हणाल्या. "माझ्याकडे काय बघता?"

बाईंनी वाचलं. "पंपघर इथेच बांधा. उशीर करू नका." उलटसुलट करून पाहिलं. "सही नाही."

मग मागून कुणीतरी, फार हळू नाही आणि फार मोठ्यानेही नाही, म्हणालं, "पेटी काय, काकूंच्या घरातच होती."

२

आयुष्यात पहिल्यांदा काकूंना उत्तर सुचलं नाही. त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला, एक घोट घेतला आणि सगळ्यांना हाकलून दिलं. दोघांना मात्र बसवून घेतलं: इंजिनीयर बाईंना आणि हेडमास्तरांना.

हेडमास्तर निवृत्त होते, रहिवाशांच्या समितीचे चिटणीस होते, आणि सदुसष्ट हरकतींचा मजकूर त्यांनीच लिहिला होता. त्या मोकळ्या जागेत बाग व्हावी, चार बाकं असावीत, त्यातल्या एकावर आपण बसावं, हे त्यांचं बारा वर्षांचं स्वप्न होतं.

"आता पुढे काय?" काकूंनी बाईंना विचारलं.

"आज संध्याकाळी सहाला सभागृहात सुनावणी आहे. हरकती द्यायची मुदत काल पाचला संपली. नवे कागद मला घेता येणार नाहीत. जे पेटीत निघालं तेच धरायचं."

"म्हणजे हा एक चिटोरा धरायचा आणि सदुसष्ट माणसं सोडायची?"

"कागद सापडले तर ते घेईन. मुदतीत पडले होते हे सगळ्यांना माहीत आहे. सापडायला हवेत."

"सापडतील," काकू म्हणाल्या. कसे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. "पण तुम्ही एक सांगा. एवढी मोठी वस्ती, आणि तुम्हाला माझीच भिंत दिसली? औषधवाल्याच्या दुकानामागे एवढं मैदान पडलंय."

"ते चढावर आहे, काकू. वरचे सगळे पाईप उतरत उतरत इथे एकत्र येतात, मग एकच पाईप खालच्या गल्लीत जातो. मैलापाणी जिथे जमतं तिथूनच उपसावं लागतं. मी पहिल्या बैठकीत सांगितलं होतं."

"सांगितलं असेल. तेव्हा मी बोलत होते."

हेडमास्तर खाकरले. "वहिनी, बुधवारी सकाळी मी फटीतून बॅटरी मारून पाहिलं होतं. पेटी भरलेली होती, शेवटचा कागद मंगळवारीच पडला होता. म्हणजे चोरी त्यानंतरची."

"बॅटरी मारायला तुम्हाला सांगितलं कोणी?"

"अहो, काळजी असते माणसाला. त्या कागदांसाठी मी वहाणा झिजवल्या. तुम्ही सही केलीत, त्याच कागदाची झेरॉक्स नमुना म्हणून घरोघर फिरवली. काकूंची सही बघितली की लोक पुढचं वाचतसुद्धा नव्हते."

काकूंना हे ऐकून बरं वाटलं. त्यांची सही म्हणजे तीन अक्षरं आणि खाली एक जाड रेघ. ती करायला त्यांना पाव मिनिट लागायचं आणि तेवढ्या वेळात कुणी बोललेलं त्यांना चालायचं नाही. मजकूर त्यांनी ऐकला नव्हता. मास्तरांनी वाचून दाखवू का विचारलं तेव्हा त्याच म्हणाल्या होत्या, "जन्मभर पोरांना निबंध शिकवलेत, तुमचा काय तपासायचा?"

"खालच्या गल्लीचं कुणी असेल का?" बाईंनी विचारलं. "उतारावरची घरं. तिथे मैलापाणी तुंबतं अशी आमच्याकडे एक जुनी नोंद आहे."

"तुंबत नाही," हेडमास्तर ताडकन म्हणाले. "मी स्वतः चार घरं विचारली. वहिनींच्या लेकीचंही त्यातच. सगळे म्हणाले, आमच्याकडे तसलं काही नाही."

"नसणारच," काकू म्हणाल्या. "माझी लेक तिथे दिलीय. तसलं असतं तर दिली असती का?"

दोघं गेले. काकू रिकाम्या पेटीसमोर बसल्या. कुलूप शाबूत, पट्टी शाबूत, आणि कागद गायब. फट एवढी बारीक की बांगडीसकट हात सोडा, दोन बोटंही धड जात नव्हती. त्यांनी दोनदा घालून पाहिली आणि दुसऱ्यांदा अडकवून घेतली.

"सूनबाई," त्यांनी आत हाक मारली, "तेल आण. आणि हसू नकोस."

३

सूनबाई शिवणकाम करायची. आतल्या खोलीत तिचं मशीन सकाळपासून धडधडायचं, आणि ते चालू असताना बाहेर कुणी बँड वाजवला असता तरी तिला कळलं नसतं. तिने सासूची बोटं सोडवली आणि हसली नाही, पण त्यासाठी तिला भिंतीकडे बघावं लागलं.

"मला सांग," काकू बोटं चोळत म्हणाल्या. "बुधवार सकाळपासून घरात कोण कोण आलं?"

"बुधवारी सकाळी हेडमास्तर. चारनंतर औषधवाले, तुमच्या गोळ्या घेऊन. काल अकराला इंजिनीयर बाई, पट्टी बघायला. आणि बुधवारी दुपारी ताई."

"ताईला कशाला मोजतेस? माझी लेक ती, घरची."

"तुम्ही कोण कोण आलं विचारलंत."

काकूंनी डोळे मिटून हिशेब मांडला. आपण दिवसभर व्हरांड्यात. रात्री जाळीच्या दाराला आतून कुलूप. खुर्ची रिकामी असते ती फक्त दुपारी, एक ते तीन, आपला डोळा लागतो तेव्हा. आणि तो चुरगळलेला कागद. चौकटीवर रेघा सदुसष्टच होत्या. त्या कागदाची रेघ नव्हती. म्हणजे तोही काकू खुर्चीत नसताना पडला. चोर दुपारचा.

मग सकाळचे हेडमास्तर सुटले. अकराच्या इंजिनीयर बाई सुटल्या. चारचा औषधवालाही सुटला की. पण छे, तो कसला सुटतो. त्याचं दुकान एक ते चार बंद असतं. दुपारी तो कुठेही असू शकतो. आणि पंपघर इथे झालं नाही तर ते आपल्या दुकानामागे येईल ही धास्ती त्याला पहिल्यापासून होती.

"सकाळी बाईंच्या हातात तो कागद बघितलास ना, अक्षर कुणाचं वाटतं तुला?" त्यांनी सुनेला विचारलं.

"नाही बाई, ओळखीचं नाही," सून म्हणाली. जरा लवकरच म्हणाली.

"आणि ताई कशाला आली होती?"

"चिंध्या न्यायला. दर बुधवारी नेतात ना, पिशवी भरून. उशा भरतात म्हणे. मी मशीनवरून उठलेसुद्धा नाही, त्यांनीच कोपऱ्यातल्या घेतल्या. माझी कात्री मागितली आणि थोड्या वेळाने परत आणून ठेवली. म्हणाल्या, तुझी कात्री काही माझ्या हाताला बसत नाही."

"एवढ्या उशा करून ती काय धर्मशाळा काढणार आहे?" काकू पुटपुटल्या, आणि पेटी पुसायला घेतली. लोकांनी हात लावलेली वस्तू पुसल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

पुढून पुसली. वरून पुसली. मग भिंतीपासून ओढून मागून पुसायला गेल्या आणि फडकं कशाला तरी अडकलं.

पेटीच्या मागे बिजागरीतून एक लांब सळी या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची. एक टोक सरळ, दुसरं आकड्यासारखं वाकवलेलं, घसरू नये म्हणून. चाळीस वर्षं ते वाकडं टोक उजव्या बाजूला होतं. काकू ती सळी झोपेतही घालू शकल्या असत्या.

आज वाकडं टोक डावीकडे होतं.

काकू जमिनीवर बसल्या. त्यांना एकदम सगळं समजलं आणि त्याच वेळी काहीच समजेनासं झालं. कुलपाला हात लावायची गरजच नव्हती. सळी ओढून काढली की झाकण मागच्या बाजूने उघडतं. पुढचं कुलूप आपलं बसतं लटकत. चोराने सळी काढली, कागद काढले, सळी परत घातली. घालताना झाकण एका हाताने दाबून धरावं लागतं आणि ताकदीच्या हाताने सळी ठोकत न्यावी लागते. काकू उजव्या हाताने ठोकायच्या, म्हणून आकडा उजवीकडे राहायचा.

ज्याने ही घातली, त्याचा ताकदीचा हात डावा.

"सूनबाई," त्या हळूच म्हणाल्या, "तो औषधवाला गोळ्यांची पट्टी कोणत्या हाताने कापतो गं?"

सुनेने हवेत कात्री चालवून पाहिली, आठवत. मग तिने डावा हात वर केला.

४

औषधवाला दुकानाचं शटर अर्धं ओढून जेवायला निघालाच होता. काकू शटरखालून वाकून आत शिरल्या. या वयात वाकावं लागलं याचाही राग त्यात मिसळला.

"पट्टी काप," त्या म्हणाल्या.

"कसली?"

"कसलीही. दहाची कर पाचाची."

त्याने डाव्या हातात कात्री घेतली आणि कापली. काकूंनी मान हलवली, स्टुलावर बसल्या.

"बुधवारी आणि काल, दुपारी कुठे होतास?"

"इथेच. माल लावत होतो." तो थांबला. "काकू, तुम्हाला मी वाटतो?"

"तुला पंपघर माझ्या भिंतीला हवंय."

"हवंय की. लपवतो कशाला? माझ्या दुकानामागे आलं तर नाकाला रुमाल लावून खोकल्याचं औषध विकू? पण म्हणून मी कागद चोरले नाहीत. मी माझी हरकत टाकली नाही एवढंच. तुमच्या रेघांत माझी रेघ नसेल, बघा."

"हात डावा आहे तुझा."

"जन्मापासून आहे. त्याचं काय?"

"पेटी ज्याने उघडली तो डावखुरा होता."

औषधवाल्याने कात्री खाली ठेवली. तो रागावला नाही, गोंधळला. "कुलूप डाव्या हाताने उघडलं की उजव्या, हे कळतं होय?"

"कुलूप कुठे उघडलं? कुलूप तसंच आहे."

"मग?"

"तू सांग ना. पुढून कुलूप आहे. त्यावर पट्टी आहे. कागद तर गेले. तू असतास तर कसे काढले असतेस?"

त्याने खरोखर विचार केला. काकू त्याच्या डोळ्यांकडे बघत होत्या; चोराने नाटक केलं तर डोळे आधी पोचतात आणि चेहरा मागून येतो, असा त्यांचा अनुभव होता. औषधवाल्याचे डोळे कुठेच पोचत नव्हते. "चिमट्याने?" तो म्हणाला. "फटीतून, एकेक? नाही, सदुसष्ट व्हायला दोन दिवस लागतील. तळाचा पत्रा कापून? मग भोक दिसलं असतं. काकू, मला नाही बुवा येत."

आणि काकूंना कळलं की याला खरंच येत नाही.

येणार कसं? सळीचं गुपित दुकानात कळण्यासारखं नव्हतंच. पेटीची जुनी किल्ली लग्नानंतर सहाव्या वर्षी हरवली. तेव्हा काकूंच्या यजमानांनी सळी ओढून पेटी उघडली, आणि पुढे तीच रीत पडली. हे माहीत असलेली माणसं मोजून चार. यजमान गेले त्याला नऊ वर्षं झाली. मुलगा दीड महिना कामासाठी परगावी. सून आली तोवर पेटी माळ्यावर गेली होती. उरल्या काकू स्वतः.

आणि एक पोर. आठ वर्षांची, निळ्या फ्रॉकसाठी भर दुपारी आई झोपल्यावर पेटीमागे बसून सळी ओढणारी. आईने पकडल्यावर फ्रॉकबद्दल कमी आणि हाताबद्दल जास्त मार खाल्लेली. "डावरी कुठली. उजवा हात काय शोभेला दिलाय?" लिहायला, जेवायला तिला उजव्या हातावर आणलं होतं काकूंनी, दोन वर्षं खपून. पण जोर लावायची वेळ आली की तो डावा हात आपोआप पुढे यायचा.

तुझी कात्री माझ्या हाताला बसत नाही.

काकू उठल्या. औषधवाल्याने शटर वर केलं, पूर्ण, त्यांना वाकावं लागू नये म्हणून.

"काकू, मग मी नाही ना?"

"तू नाहीस," काकू म्हणाल्या. "तू असतास तर बरं झालं असतं."

५

लेकीचं घर उतारावर, चालत दहा मिनिटांवर. लग्नाला अकरा वर्षं झाली, आणि काकू त्या घरी गेल्या होत्या पाच वेळा, दर वेळी आधी कळवून. लेकच दर बुधवारी यायची. "तुम्ही कशाला पाय दुखवता, आई, मीच येते," असं ती म्हणायची आणि काकूंना ते शोभेसं वाटायचं. आईने लेकीकडे सारखं का जावं?

वाटेत त्यांच्या डोक्यात नुसता गुंता. लेकीला कागद हवे कशाला? जावयाने फूस लावली? पालिकेने काही कबूल केलं? आईची मान खाली जावी असं तिला का वाटलं? एकेक प्रश्न मनात यायचा, आणि लेकीचा चेहरा समोर आला की उडून जायचा.

दार लेकीने उघडलं. आईला बघून ती बाजूला झाली नाही, दारातच उभी राहिली.

"आत येऊ देणार की इथेच पाणी देणार?"

लेक सरकली.

काकूंच्या नाकाला आधी फिनेलचा वास आला, भपकन, आणि त्याच्या खालून दुसरा. त्या खोलीभर बघत राहिल्या. पलंगाच्या चारी पायांखाली दोन दोन विटा. कपाटाखाली विटा. भिंतीवर घोट्याच्या उंचीला एक करडी रेघ, सगळ्या खोलीभर फिरलेली, कुणी दोरी लावून आखल्यासारखी. रेघा काकूंना वाचता येत होत्या.

त्या न विचारता मोरीत गेल्या. मोरीच्या जाळीवर चिंध्यांनी ठासून भरलेलं एक पोतं होतं. त्यावर वरवंट्याएवढा दगड. बाजूला तशीच दोन पोती वाळत घातलेली. सुनेच्या मशीनखालच्या चिंध्या; निळ्या, पिवळ्या, फुलाफुलांच्या.

उशी एकही दिसली नाही.

"रोज?" काकूंनी विचारलं.

"सकाळी आठ ते नऊ. वरच्या तिन्ही गल्ल्यांच्या आंघोळी होतात तेव्हा. तुमचीसुद्धा."

काकू पलंगाच्या कडेवर बसल्या. विटांमुळे पलंग उंच झाला होता. त्यांचे पाय लहान मुलीसारखे लोंबकळत राहिले.

"मला सांगायचं नाही?"

"काय सांगू? तुम्ही सगळीकडे सांगत फिरता, माझी लेक चांगल्या घरी दिलीय. घर चांगलंच आहे, आई. मोरी वाईट आहे. पण ते वेगवेगळं ऐकलं असतं का तुम्ही?"

"हेडमास्तर विचारायला आले तेव्हा तरी."

"ते मास्तर आहेत की रेडिओ? इथून निघून थेट तुमच्या व्हरांड्यात बसणार होते. मी म्हटलं, आमच्याकडे तसलं काही नाही. शेजारणीने ऐकलं, तिनेही तेच सांगितलं. इथे प्रत्येकजण तेच सांगतो." लेकीने कपाटाच्या वरून कापडी पिशवी काढली, आईच्या मांडीवर ठेवली. "सगळे आहेत. सदुसष्ट. भिजू दिले नाहीत."

"का घेतलेस?"

लेकीने वरचा एक कागद काढला. तीन अक्षरं, खाली जाड रेघ. "मला तुमचा एकच हवा होता. मास्तरांनी आमच्याकडे नमुना पाठवला, त्यात काय लिहिलंय ते तुम्हाला माहीत आहे?" ती वाचू लागली; वाचताना तिचा आवाज शाळेतल्यासारखा सपाट झाला. "खालच्या गल्लीत मैलापाणी तुंबते ही निव्वळ अफवा असून, सहानुभूती मिळवण्यासाठी काही लोक खोटे बोलत आहेत. आणि खाली तुम्ही. संध्याकाळी हे भर सभेत वाचणार होते. मी समोर बसणार, आणि माझी आई सहीनिशी मला खोटारडी म्हणणार."

काकूंनी कागद हातात घेतला. अक्षरं मुंग्यांसारखी पसरलेली. त्यातली एकही त्यांना ओळख देत नव्हती. सही मात्र ठळक.

"सगळे कागद एकसारखे निघाले," लेक म्हणाली. "तुमचा शोधत होते आणि आत मशीन थांबलं. वाटलं वहिनी येतेय. सगळे पिशवीत कोंबले, वर चिंध्या टाकल्या. सळी घातल्यावर माझा कागद फटीतून टाकला. तेवढाच खरा होता. लोक उद्या तुमच्यावर बोट ठेवतील हे सुचलंच नाही. आज सकाळपासून तुमच्याकडे यायला निघतेय आणि कोपऱ्यावरून परत येतेय."

मोरीत पोत्याखालून काहीतरी गुडगुडलं.

"सहाला किती वेळ आहे?" काकूंनी विचारलं.

"चार तास."

"मग चहा टाक. आणि ही पिशवी मी नेणार."

"आई, तुम्ही काय करणार आहात?"

काकूंनी आपला कागद पिशवीत परत ठेवला. त्यांना स्वतःलाच अजून ठाऊक नव्हतं.

६

सभागृह भरलं होतं. औषधवाला दाराशी उभा होता, हेडमास्तर पुढच्या रांगेत कडक इस्त्रीत. लेक सगळ्यात मागे, भिंतीला टेकून. काकू सुनेला घेऊन आल्या, हिरवी पेटी हमालाकडून आणवली, आणि इंजिनीयर बाईंच्या टेबलावर पिशवी उलटी केली.

"सदुसष्ट. मोजा."

खुर्च्या सरकल्या. हेडमास्तर उभेच राहिले. "वहिनी, सापडला कोण?"

"चोर माझ्या घरचा आहे. पेटी माझी, सळी माझी, दुपारची झोप माझी. नाव हवं असेल तर माझं लिहा." त्या दाराकडे वळल्या. "आणि तो औषधवाला नव्हे. मी त्याला विचारायला गेले होते. चुकलं माझं. पण गोळ्या तो महागच देतो."

लोक हसले. औषधवाला सगळ्यांत जास्त.

"आता मला सांगा, बाई," काकू टेबलाकडे झुकल्या, "टाकलेली हरकत परत घेता येते का?"

"सुनावणी संपेपर्यंत घेता येते. ज्याची त्याने."

काकूंनी ढीग चाळला. वाचायची गरज नव्हती. जाड रेघ लांबूनच दिसली. कागद त्यांनी सुनेच्या हातात दिला. "मोठ्याने वाच."

सुनेने वाचलं. 'खोटे बोलत आहेत' इथे आल्यावर ती अडखळली, पण सासूने मान हलवली, तेव्हा पुढे वाचलं. सभागृहात मागच्या चार रांगा खालच्या गल्लीच्या होत्या. त्या रांगांत कुणीही मान वर केली नाही.

"हे मी न ऐकता सही केलेलं आहे," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीचाच होता, फक्त शब्दांमध्ये अंतर जास्त पडत होतं. "मास्तरांचं नाव घेऊ नका, त्यांनी विचारलं होतं, आणि त्यांना उत्तरही तसंच मिळालं. आज मी खालच्या गल्लीतली एक मोरी बघून आलेय. कुणाची, ते मी सांगणार नाही. कुणाला सांगायचं असेल तर तो सांगेल. माझ्या आंघोळीचं पाणी तिथे वर येतं."

भिंतीपाशी लेक सरळ उभी राहिली. "माझी," ती म्हणाली. "मोरी माझी आहे. मास्तरांना मी खोटं सांगितलं."

तिच्या शेजारच्या बाईने तिच्याकडे बघितलं, मग हात वर केला. मग आणखी एका म्हाताऱ्याने. मग मागच्या रांगांत एवढे हात झाले की इंजिनीयर बाईंनी मोजायचं सोडून लिहायला घेतलं. हेडमास्तर हळूच खाली बसले. थोड्या वेळाने त्यांनी ढिगातून स्वतःचा कागद शोधायला सुरुवात केली, चष्मा पुसून पुसून.

"तो दुसरा द्या," काकू बाईंना म्हणाल्या. "चुरगळलेला. त्यावर सही नाही म्हणालात ना? पेन द्या."

पाव मिनिट सभागृहात कुणी बोललं नाही. तीन अक्षरं. खाली रेघ.

"आता ऐका," पेन परत देत काकू म्हणाल्या. "माझ्या भिंतीला लावा. पण दार माझ्या बाजूला नको. खिडकी नको. पंप जमिनीखाली घाला आणि तसं लिहून द्या. आणि उरलेल्या जागेत मास्तरांना एक बाक."

"बाक नकाशात आहे," इंजिनीयर बाई म्हणाल्या. "तीन आहेत. मी पहिल्या बैठकीत..."

"तेव्हा मी बोलत होते. माहीत आहे."

घरी परतताना काकूंनी सुनेला गाठलं. "अक्षर तू सकाळीच ओळखलं होतंस."

"ओळखलं होतं. ताईंचं नाव घेतलं तर तुम्ही म्हणालात, तिला कशाला मोजतेस."

काकूंना याचंही उत्तर सुचलं नाही. एका दिवसात दोनदा. आता सवय करायला हवी होती.

व्हरांड्यात पेटी ठेवली. लेकही मागोमाग आली होती, जायचं की थांबायचं हे न ठरलेली. काकूंनी सळी ओढून काढली, झाकण सारखं बसवलं, आणि खुर्चीत मागे टेकल्या.

"घाल गं," त्यांनी लेकीला सांगितलं.

लेक पेटीमागे बसली. सळी तिने उजव्या हातात धरली, भोकाशी लावली. सळी तिरकी झाली. तिने आईकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघतेस?" काकू म्हणाल्या. "तुझ्या हाताने घाल."

लेकीने हात बदलला. सळी एका दमात शेवटपर्यंत गेली, आणि आकडा डावीकडे राहिला. काकूंनी तो तसाच राहू दिला.